चोपण जमीन आणि आम्ल-आम्लारींचें रसायन

मुळा-मुठा, नीरा व भीमा या नद्यांच्या खोऱ्यांत पाटाचें पाणी खेळूं लागल्यापासून बागाईतदारांची एक तक्रार चालत आलेली आहे. पाणी नवें असतां काळ्या जमिनींत ऊंस उत्तम येतो. पुढें कांहीं वर्षांनीं उतार घटूं लागतो. उन्हाळ्यांत सरीच्या माथ्यावर पांढरें पूट चढतें. आणि शेवटीं शेताचे तुकडेच्या तुकडे उजाड पडतात. शेतकरी म्हणतो, "रान खारवलें." मग कोणी भरपूर पाणी देऊन रान धुवावयास सांगतो, कोणी चुना टाकावयास सांगतो, तर कोणी जिप्समचीं पोतीं आणावयास सांगतो. एकाच रोग्यास तीन वैद्यांनीं तीन औषधें द्यावीं तसा हा प्रकार होतो. त्यांतील एखादें लागू पडतें, एखादें व्यर्थ जातें, आणि एखाद्यानें तर रोग वाढतोहि.

असें कां व्हावें, याचें उत्तर शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. आपल्याच घरांतील नववी-दहावीच्या मुलाच्या शास्त्राच्या पुस्तकांत आम्ल, आम्लारि व विद्राव्यता यांवर एक धडा असतो. मुलें तो परीक्षेपुरता पाठ करितात, आणि वडील तो आपल्या कामाचा नव्हेच असें समजतात. वस्तुतः त्या धड्यांतील प्रत्येक वाक्य बांधापलीकडच्या शेतांत रोज घडत असतें. त्यांतील एक गोष्ट ज्यानें मनांत पक्की धरिली त्याचा पुष्कळसा पैसा वांचेल. ती गोष्ट अशी कीं, जमिनींत एखादें द्रव्य किती आहे याला फारसें महत्त्व नाहीं; त्यांतील पाण्यांत किती विरघळतें याला आहे.

प्रश्न जुना आहे

पुण्याजवळील खडकवासल्याचें धरण १८७९ च्या सुमारास पुरें झालें व मुठेचे कालवे हडपसर-मांजरीच्या बाजूस वाहूं लागले. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू होऊन बारामतीकडील रान भिजूं लागलें. त्यानंतर अवघ्या पंचवीस वर्षांच्या आंत, म्हणजे १९१० सालीं, पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन व त्यांचे सहकारी श्री. ताम्हणे यांना नीरेच्या खोऱ्यांतील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. पाट येण्यापूर्वीं जी जमीन पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी-हरभऱ्यास उत्तम होती, ती एका पिढींत बिघडली. दोष पाण्याच्या असण्यांत नव्हता; त्याला आंत येण्याची वाट होती, पण बाहेर जाण्याची नव्हती, यांत होता.

आम्ल व आम्लारि

जें चवीस आंबट लागतें त्यांत आम्ल असतें. लिंबू, चिंच, कैरी, आंबलेलें ताक हीं सर्व त्याचीं घरगुती उदाहरणें. याच्या उलट जीं द्रव्यें तुरट-कडवट लागतात व हातास साबणासारखीं बुळबुळीत लागतात, त्यांस आम्लारि म्हणतात. पानास लावावयाचा चुना, धुण्याचा सोडा व लांकडाची राख भिजवून काढलेलें पाणी हीं या वर्गांतलीं. आम्ल व आम्लारि एकत्र आले असतां एकमेकांचा तीव्रपणा मारतात, व त्यांतून क्षार आणि पाणी उत्पन्न होतें. पित्त झालें असतां आजीबाई खाण्याचा सोडा देते तें याच नियमानें.

कोणतें द्रव्य कोणत्या बाजूचें हें ओळखण्याची एक युक्ति प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे, जरी ती तिला रसायन म्हणत नसली तरी. हळदीचा डाग पडलेलें लुगडें साबणानें धुवावयास घेतलें कीं डाग एकदम तांबडा होतो. साबण आम्लारि-गुणाचा असल्यामुळें हळदीचा रंग पालटतो. लिंबू पिळतांच तो पुनः पिवळा होतो. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क आम्लांत लाल होतो व आम्लारींत हिरवट होतो. शाळेंत वापरतात तो लिटमस कागदहि आपल्या मसाल्यांतील दगडफुलाच्या वर्गांतल्या वनस्पतींपासूनच मूळ तयार झाला.

हा गुण अंकांनीं मोजण्याची पद्धत १९०९ सालीं कोपनहेगन येथील सोरेन्सन या शास्त्रज्ञानें घालून दिली. आपण तिला सामू म्हणतों. सामू ७ म्हणजे ना आम्ल ना आम्लारि. त्याखालीं आम्ल, वर आम्लारि. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास, दह्याचा साडेचारच्या आसपास, आणि चुन्याच्या निवळीचा १२ च्या वर असतो. मात्र एक ध्यानांत ठेवावें : ही मोजपट्टी साध्या फुटपट्टीसारखी नाहीं. प्रत्येक अंकागणिक फरक दहापटीनें होतो. म्हणून ज्या जमिनीचा सामू ८ आहे तिच्यापेक्षां ९ सामूची जमीन थोडीशी अधिक नव्हे, तर दसपट आम्लारि-गुणी असते. माती-परीक्षणाच्या कागदावर ८.२ व ९.२ हे आंकडे शेजारीं शेजारीं दिसले म्हणजे कित्येकांस त्यांत विशेष अंतर वाटत नाहीं. पण पहिल्या रानांत ऊंस येतो, आणि दुसऱ्यांत बियाणेंहि वांचणें कठीण.

विरघळणें म्हणजे काय

एक लिटर पाण्यांत खाण्याचें मीठ सुमारें साडेतीनशें ग्रॅम विरघळतें. धुण्याचा सोडा साधारण हवामानांत दोनशें ग्रॅमांहून अधिक विरघळतो. जिप्सम, ज्यास चिरोडी असेंहि म्हणतात, तें अवघें अडीच ग्रॅमांच्या आसपास विरघळतें. आणि चुनखडी? शुद्ध पाण्याच्या एका लिटरांत ती एका ग्रॅमाच्या साठाव्या-सत्तराव्या हिश्शाइतकीच विरघळते. म्हणजे जवळ जवळ नाहींच. हे चार आंकडे ज्यास समजले त्यास खारवट जमिनीचें बहुतेक शास्त्र समजलें.

घरांतील पाणी तापविण्याच्या बंबाच्या आंत पांढरा थर चढतो. विहिरीच्या पाण्यांत मीठ, सोडा, चुना सर्वच असतात. मग थर चुन्याचाच कां? एक तर तापतांना पाण्यांतील कर्बाम्ल वायु उडून जातो, व त्याच्या आधारें विरघळलेला चुना उघडा पडतो. दुसरें असें कीं, जें कमी विरघळतें तें सर्वांआधीं बाहेर पडतें. मीठ शेवटपर्यंत पाण्यांतच राहतें.

आपलें शेत उन्हाळ्यांत असाच एक मोठा बंब बनतें. पाटाचें पाणी अतोनात दिलें व त्याचा निचरा झाला नाहीं म्हणजे जमिनीखालील पाण्याची पातळी वर चढते. ती दीड मीटरच्या आंत आली कीं दिव्याच्या वातींतून तेल चढतें तसें तें पाणी मातींतून पृष्ठभागापर्यंत चढतें व उन्हानें उडून जातें. पाणी उडतें, क्षार मागें राहतात. पाणी आटत असतां प्रथम चुनखडी बाहेर पडते व मातींत कंकर होऊन बसते, मागाहून जिप्सम, आणि मीठ, सोडा वगैरे सोडियमचे अति विद्राव्य क्षार शेवटपर्यंत द्रावणांत राहून माथ्यावर पांढरें पूट धरतात. अशा रीतीनें ज्या पाण्यांत आरंभीं चुना व सोडियम दोन्ही होते, त्यांतला चुना निघून जाऊन केवळ सोडियमच मुळांशीं उरतें. येथेंच खऱ्या अनर्थाचा आरंभ होतो.

खारवट एक, चोपण दुसरी

मातीचे अतिसूक्ष्म चिकण कण आपल्या अंगाभोंवतीं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम अशीं द्रव्यें धरून ठेवतात, व भोंवतालच्या पाण्यांत जें अधिक असेल त्याच्याशीं त्यांची अदलाबदल करितात. कणांवर कॅल्शियम असेल तर ते एकमेकांस धरून राहतात, माती रवाळ होते, पाणी व हवा तींतून खेळतात. त्याच जागीं सोडियम बसलें कीं कण सुटे होतात, ओल मिळतांच फुगतात व मातींतील बारीक छिद्रें बुजवून टाकतात. पावसाळ्यांत गढूळ झालेल्या पाण्यांत तुरटी फिरविली म्हणजे गाळ तळाशीं बसतो, हें आपण नेहमीं पाहतों. तुरटींतील ॲल्युमिनियम सुट्या कणांना एकत्र आणतें. जमिनींत तेंच काम कॅल्शियम करितें. सोडियम याच्या अगदीं उलट वागतें.

यावरून जमिनींचे दोन निरनिराळे रोग होतात. जींत विरघळणारे क्षार पुष्कळ पण कणांवर सोडियम थोडें, ती खारवट. तिचा सामू बहुधा ८.५ च्या आंत असतो व माथ्यावर पांढरें पूट दिसतें. तिच्यांत पीक मरतें तें तहानेनें. ओल असूनहि क्षारांमुळें मुळांना पाणी ओढून घेतां येत नाहीं. दुसरी चोपण. हिच्यांत मोकळे क्षार थोडे असतात, पण कणांवरील एकंदर जागेपैकीं शेंकडा पंधराहून अधिक जागा सोडियमनें बळकावलेली असते, सामू ८.५ च्या वर, कधीं ९ व १० पर्यंतहि जातो. केवळ चुनखडी असलेल्या जमिनीचा सामू साधारणपणें ८.३ च्या पुढें जात नाहीं. तो याहून बराच वर दिसला म्हणजे तेथें सोडा आहे असें समजावें. सोड्याच्या पाण्यांत मातींतील कुजलेला काळा अंश विरघळतो, म्हणून चोपण जमिनीवर पांढऱ्याऐवजीं काळपट, तेलकट झांक दिसते. अशी जमीन ओली असतां मेणासारखी चिकटते, वाळली असतां दगडासारखी होते. दोन्ही दोष एकत्र असले म्हणजे तीस खारवट-चोपण म्हणतात.

आतां "भरपूर पाणी देऊन धुवा" हा सल्ला पारखून पाहूं. निव्वळ खारवट जमिनीस, निचऱ्याची सोय असल्यास, तो योग्य आहे. क्षार विरघळतात व चरांतून वाहून जातात. पण खारवट-चोपण जमीन नुसत्या पाण्यानें धुतली तर मोकळे क्षार जातात व कणांवरचें सोडियम तसेंच राहतें. क्षारांच्या गर्दीमुळें जे कण एकत्र होते ते आतां सुटे होतात, छिद्रें बुजतात, आणि खारवट रानाचें पक्कें चोपण रान होतें. औषधानेंच रोग वाढविला असें होतें तें हें.

चुना कां नको, जिप्सम कां हवें

कणांवरील सोडियम हुसकावयास कॅल्शियम हवें. चुन्यांतहि कॅल्शियमच आहे. मग स्वस्त चुना कां टाकूं नये? हिशेब करून पाहावा. एक एकरांत टाकलेलें एक टन जिप्सम शुद्ध पाण्यांत पूर्ण विरघळण्यास त्या एकरावर सुमारें दहा सेंटिमीटर, म्हणजे चार इंच पाणी उभें करावें लागेल. तेवढ्याच वजनाची चुनखडी विरघळावयाची तर सतरा-अठरा मीटर उंचीचें पाणी लागेल ! शिवाय सामू जसजसा वाढतो तसतशी चुनखडी अधिकच अविद्राव्य होते. भाजलेला चुना कांहींसा विरघळतो खरा, पण तो स्वतःच तीव्र आम्लारि असल्यामुळें आधींच वाढलेला सामू आणखी वाढवितो. कोंकणांतील जांभ्या जमिनी आम्लगुणी आहेत. तेथें चुना हें औषध खरें. तोच सल्ला घाट चढून देशावर आणला कीं त्याचें विष होतें.

जिप्सम मात्र ना आम्ल ना आम्लारि, आणि बेताचें विरघळणारें. त्यांतील कॅल्शियम कणांवर जाऊन बसतें, सोडियम सुटतें व सोडियम सल्फेट होऊन पाण्यांत विरघळतें. आणि मग तें धुवून काढतां येतें. मोकळा सोडा असेल तर त्याचीहि जिप्समशीं गांठ पडून अविद्राव्य चुनखडी तयार होते, व सामू खालीं येतो. हा प्रकार डोळ्यांनीं पाहावयाचा असल्यास चुन्याची स्वच्छ निवळी एका पेल्यांत घ्यावी व धुण्याच्या सोड्याचें स्वच्छ पाणी तींत ओतावें. दोन्ही पाणी नितळ असूनहि एकत्र होतांच दुधासारखा पांढरा साका तयार होतो. जमिनींत असेंच घडतें.

यावरून तीन गोष्टी निघतात. जिप्सम बारीक दळलेलें घ्यावें व वरच्या थरांत मिसळावें, कारण तें सावकाश विरघळतें. टाकल्यावर पाणी उभें करून तें मुरूं द्यावें. आणि या सर्वांच्या आधीं निचऱ्याचे चर किंवा भूमिगत नळ घालावे. कारण सुटलेल्या सोडियमला बाहेर जाण्यास वाट नसेल तर तें उन्हाळ्यांत पुनः वर चढून येईल. चर नसतां जिप्सम टाकणें म्हणजे तुंबलेल्या मोरींत साबण ओतण्यासारखें आहे.

कुलूप जमिनींत, किल्ली आम्लांत

आपल्या काळ्या जमिनींत बहुधा चुनखडी मुबलक असते. म्हणजे औषध घरांतच आहे, पण पेटीस कुलूप आहे. त्याची किल्ली आम्ल ही होय. लिंबाचा रस चुनखडीच्या खड्यावर पिळला असतां फसफसतो. त्या वेळीं चुनखडी विरघळून तिचें कॅल्शियम मोकळें होतें. शेतांत लिंबू पिळतां येत नाहीं, पण दोन उपाय आहेत. गंधक मातींत मिसळला असतां सूक्ष्म जंतु त्याचें गंधकाम्ल करितात, व तें चुनखडीशीं मिळून जागच्या जागीं जिप्सम बनवितें. एक किलो गंधकाचें काम सुमारें साडेपांच किलो जिप्समच्या बरोबरीचें असतें. मात्र यास ओल, ऊब व कांहीं महिन्यांचा अवधि लागतो, आणि जमिनींत चुनखडी नसेल तर हा उपाय करूं नये. दुसरा उपाय ताग किंवा धैंचा गाडण्याचा. हिरवळ कुजतांना जो कर्बाम्ल वायु निघतो त्याचें पाण्यांत सौम्य आम्ल होतें, व शुद्ध पाण्यांत न विरघळणारी चुनखडी त्यांत थोडी थोडी विरघळते. धैंचा चोपण रानांतहि तग धरतो. आपले वाडवडील हिरवळीच्या खतास जें महत्त्व देत त्यामागें हेंहि एक कारण होतें.

घरच्या घरीं परीक्षा

माथ्याची माती व एक हात खालची माती वेगवेगळी घ्यावी. पावसाचें धरून ठेवलेलें किंवा बॅटरींत घालावयाचें शुद्ध पाणी वापरावें. विहिरीच्या पाण्यांत स्वतःचेच क्षार असल्यानें परीक्षा फसते.

पहिली परीक्षा : कांचेच्या पेल्यांत पाणी घेऊन सुपारीएवढें वाळलेलें ढेकूळ हलक्या हातानें सोडावें व पेला हलवूं नये. ढेकूळ फुटलें पण भोंवतालचें पाणी नितळ राहिलें तर कण बांधलेले आहेत. भोंवतीं दुधट ढग पसरून दुसऱ्या दिवशींहि पाणी गढूळ राहिलें तर चोपणपणाचा संशय धरावा. त्या गढूळ पाण्यांत चिमूटभर जिप्सम ढवळावें. कांहीं वेळानें पाणी निवळलें तर जमिनीस काय हवें हें तिनेंच सांगितलें असें समजावें. मात्र क्षार फार असलेल्या खारवट-चोपण मातीचें पाणी नितळच राहतें, हें विसरूं नये.

दुसरी परीक्षा : पांढऱ्या कागदावर हळदीचें पाणी लावून तो वाळवावा. मातींत पाणी कालवून निवळूं द्यावें व वरचा थेंब त्या कागदावर टाकावा. कागद तांबूस झाला तर सोडा आहे.

तिसरी परीक्षा : मातीवर लिंबू पिळून कानाशीं धरावी. फसफस ऐकूं आली तर चुनखडी आहे. म्हणजे गंधकाचा उपाय विचारांत घेतां येईल.

या परीक्षा रोगाची जात सांगतात, औषधाचें माप सांगत नाहींत. एकरीं किती जिप्सम हें माती-परीक्षण प्रयोगशाळेंतूनच ठरवून घ्यावें, आणि मातीबरोबर विहिरीच्या पाण्याचा नमुनाहि द्यावा. कारण सोड्याचें पाणी देत राहिल्यास सुधारलेलें रानहि पुनः बिघडतें.

खतांविषयीं दोन शब्द

हाच नियम खतांसहि लागू आहे. स्फुरदाचा खडक पाण्यांत विरघळत नाहीं. इंग्लंडांत लॉज यानें १८४२ सालीं त्यावर गंधकाम्ल घालून विद्राव्य सुपर फॉस्फेट करण्याचें पेटंट घेतलें, व तेथून या खताचा धंदा उभा राहिला. पण आपल्या चुनखडीच्या जमिनींत तें विद्राव्य स्फुरदहि कॅल्शियमशीं मिळून पुनः अविद्राव्य होऊं लागतें. म्हणून तें शेतभर उधळण्यापेक्षां शेणखतांत मिसळून मुळांजवळ ओळींत द्यावें. उंसावर केवडा पडून पानें पिवळीं-पांढरीं होतात, तेव्हां जमिनींत लोखंड नसतें असें नव्हे. काळी माती लोखंडानें भरलेली आहे. सामू वाढल्यानें तें विरघळत नाहीं एवढेंच. अशा वेळीं लिटरास पांच ग्रॅम हिराकस पाण्यांत विरघळवून पानांवर फवारावें. अमोनियम सल्फेटांत चुना मिसळूं नये; मिसळतांच नाकांत झोंबणारा वास येतो, तो आपल्या पैशाचा नत्र हवेंत उडत असल्याचा.

सारांश, रानावर पांढरें पूट दिसतांच पाण्याचें दार उघडूं नये किंवा पोतीं आणावयास धांवूं नये. प्रथम निचरा पाहावा, मग रोग खारवटीचा कीं चोपणाचा तें ओळखावें, आणि नंतर औषध द्यावें. नापीक झालेलें रान पूर्ववत् करण्यास वर्षांमागून वर्षें लागतात. तें बिघडूं न देण्यास बेताचें पाणी व एक चांगला चर पुरतो. येत्या सुट्टींत शाळेंतील मुलास पेला, हळदीचा कागद व लिंबू घेऊन बांधावर न्यावें. त्याचा धडा पक्का होईल, आणि आपलें शेतहि वांचेल.